दात मोजा, तारीख लिहा

पुण्यतिथीच्या दिवसांत मोझरीत कोणाचं घर रिकामं राहत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ला इथंच, गुरुकुंज आश्रमात गेले. दर आश्विन वद्य पंचमीला मौन श्रद्धांजलीसाठी गावोगावचे गुरुदेवभक्त भगव्या टोप्या घालून येतात. एवढी माणसं, आणि एका क्षणाला खंजेरीसुद्धा गप्प. त्या शांततेत एखादं लेकरू रडलं तर पार रस्त्यापर्यंत ऐकू जातं. दोन वर्षांमागं असं रडलेलं लेकरू आमच्याच घरचं होतं.

वरूडला दिलेल्या माझ्या भाचीची पोरगी, सतरा महिन्यांची. तिला घेऊन मी गर्दीतून मागं सरकले. रडताना तोंड चांगलं उघडलेलं, आणि माझी नजर सवयीनं आत गेली. वर, मधल्या दोन दातांच्या डाव्या बाजूला एक फट. रात्री जेवणं झाल्यावर भाचीनंच विषय काढला.

"मावशी, हिचा एक दात बुडाला वं. उजवीकडला पहिल्या वाढदिवसाला आला, डावीकडला अजून नाही. काय करू?"

घरात तोवर तीन पक्ष झाले होते. भाचीच्या सासूबाईंनी टाकणखाराची लाही करून मधात खलून ठेवली होती, रोज हिरडीला चोळायची म्हणून. जावईबापू दुसऱ्याच दिवशी नागपूरला नेऊन एक्स-रे काढायला निघाले होते. शेजारची एक बाई म्हणत होती, हिरडीला जराशी चीर दिली की दात मोकळा होतो. आणि पोरगी माझ्या मांडीवर बसून पोळीचा तुकडा चघळत होती.

मी एकतीस वर्षं अंगणवाडी सेविका होते. वजनकाट्याच्या झोळीत लेकरू टाकलं की ते रडतं, रडलं की तोंड उघडतं, आणि दात फुकटात मोजता येतात. वजनाच्या आकड्याबरोबर दातांचाही आकडा मी वहीत लिहीत असे. तो रकाना सरकारनं दिला नव्हता, मीच रेघ मारून काढला होता. त्या रेघेनं मला जे शिकवलं तेच भाचीला सांगितलं.

पहिलं हे, की आधी मोज. आई म्हणते "दात आला नाही", पण कितवा, कोणता, कोणत्या बाजूचा, हे विचारलं की गप्प. दोघी बायकांनी गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसायचं. लेकरू आईकडं तोंड करून, पाय तिच्या कमरेला, आणि डोकं दुसरीच्या मांडीवर उताणं. वरून उजेड. हात धुवून करंगळी हिरडीवरून सावकाश फिरवायची. दात जवळ आला असेल तर हिरडी रुंद, टणक लागते, कधी पांढुरकी दिसते. काहीच लागलं नाही तर तेही लिहायचं. आणखी एक, जोडदात आहे का पाहायचं. कधी दोन दात एकमेकांना चिकटून एकच रुंद दात येतो, मधे बारीक खाच असते. मग मोजणीत एक कमी भरतो आणि घर उगाच घाबरतं.

दुधाचे दात वीस, वर दहा, खाली दहा. त्यांचा मोटामोटी हिशोब सात आणि चाराचा. सातव्या महिन्यात सुरुवात, पुढं दर चार महिन्यांनी चार दात. म्हणजे अकराव्या महिन्यात चार, पंधराव्यात आठ, एकोणिसाव्यात बारा, तेविसाव्यात सोळा, आणि सव्वादोन वर्षांत वीस. हा हिशोब काही पंचांग नाही. सहा महिने इकडंतिकडं चालतं. आठव्या महिन्यात जन्मलेल्या लेकराचा हिशोब तर जन्मतारखेपासून नाही, डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या तारखेपासून करायचा. ही गोष्ट घरोघर विसरतात. महिन्याभराचं उणं लेकरू शेजारच्या पूर्ण दिवसांच्या लेकराशी ताडून पाहतात आणि सुनेला बोल लावतात.

क्रमही माहीत असावा. बहुतेकदा खालचे मधले दोन, मग वरचे मधले दोन, मग त्यांच्या बाजूचे. त्यानंतर सुळे यायला पाहिजेत असं आपल्याला वाटतं, पण येते ती पहिली दाढ, तेराव्या ते एकोणिसाव्या महिन्यात. सुळा तिच्यानंतर, सोळाव्या ते तेविसाव्यात. मधे जागा मोकळी दिसते आणि आया धावत येतात, "बाई, दाढ आली पण मधला दात खाल्ला कोणी?" अशा किती जणींना मी नुसतं वाट पाहा म्हणून परत पाठवलं, त्याची मोजदाद नाही. सर्वांत मागची दाढ दोन वर्षांच्या आतबाहेर, कधी पावणेतीनलाही येते.

काहींचे वरचे आधी येतात. त्यावर आमच्याकडं मोठाच बोभाटा, की मामाला जड. मग मामानं चांदीची वाटी द्यायची. लेकराला आरसा दाखवला की दात लांबतात, असंही म्हणतात. वाटी घ्यावी, मामाही खूश होतो. दातांचा त्याच्याशी काही संबंध नाही. आरशाचाही नाही.

मग एकच दात मागं राहिला तर? त्याला माझी एक खूण आहे, दंतवैद्यांचीही तीच: जोडीदार पाहा. उजवीकडचा आणि डावीकडचा तोच दात सहसा थोड्या दिवसांच्या अंतरानं येतात. एका बाजूचा आला आणि सहा महिने उलटूनही दुसऱ्या बाजूचा आला नाही, तर दाखवायचं. तोवर थांबायचं. भाचीच्या पोरीचा उजवा दात येऊन पाच महिने झाले होते. म्हणजे एक्स-रेची घाई नाही, पण विसरायचंही नाही. आमच्याकडं "येईल वं" म्हणतात आणि तीन वर्षं जातात. थांबायचं असेल तर कॅलेंडरवर खूण करून थांबावं. मी तिला संक्रांत दिली.

जावईबापू म्हणाले, "पण मावशी, आजच फोटो काढला तर काय बिघडते?" बिघडत काही नाही. दाताच्या एक्स-रेला किरणं फार थोडी लागतात. पण सतरा महिन्यांचं लेकरू तोंडात पट्टी धरून स्थिर बसत नाही. त्याला दाबून धरून काढलेला फोटो अंधूक येतो, आणि लेकरू पुढं कितीक वर्षं दवाखान्याची पायरी चढू देत नाही. शिवाय फोटोत काही दिसलं, तरी या वयात त्यावर करायचं काय? बहुतेकदा काहीच नाही. ज्या तपासणीनं आज काही बदलणार नाही, ती आज कशाला?

दात का लांबतो याची कारणं त्या रात्री मी त्यांना सांगितली ती अशी. सगळ्यात जास्त वेळा कारण घराण्याचं असतं. बापाचे किंवा आईचे दात उशिरा आले होते का, हे दोन्ही आज्यांना विचारायचं. आईकडचीला आणि बापाकडचीला, दोघींना. आमच्या पोरीच्या बापाचा तोच वरचा बाजूचा दात आला नव्हता, हे सासूबाईंना विचारल्यावर आठवलं! त्यावर सगळे हसले, पण मला तिथं अर्धं उत्तर मिळालं. काहींना तो दात मुळातच तयार होत नाही, आणि दुधाच्या दातांत असं घडतं तेव्हा पुष्कळदा तो वरचा बाजूचाच असतो.

कधी हिरडी जाड असते. कधी दात येण्याच्या जागी निळसर फुगा दिसतो, आत पाणी किंवा रक्त. तो टोचायचा नाही, बहुतेकदा दात वर आला की आपोआप फुटतो. कधी लेकरू ओट्यावरून तोंडावर पडतं आणि आलेला दात हिरडीत परत शिरतो. घरच्यांना वाटतं पडला, गिळला. असा दात पुष्कळदा काही महिन्यांत पुन्हा बाहेर येतो, पण पडल्याच्या दिवशीच दंतवैद्याला दाखवलेलं बरं. दुधाचा दात पुरता निघून आला असेल तर मात्र तो परत खोचायचा नसतो, खालच्या पक्क्या दाताला इजा होते.

आता चीर देण्याचं. हिरडी कापायची चाल आपलीच नाही, युरोपात डॉक्टर मंडळी शेकडो वर्षं कापत होती. कापलेली हिरडी भरून येते तेव्हा तिथं कडक व्रण धरतो, आणि दाताला आधी होती त्याहून जाड भिंत लागते. एक्स-रेत दात अगदी खाली, सरळ उभा दिसत असेल आणि वर फक्त हिरडीचा अडसर असेल, तेव्हा दंतवैद्य कधी ती उघडतात. ते काम त्यांचं. ब्लेड, सुई, चांदीचा रुपया, नखं, यातलं काही नको.

टाकणखाराच्या वाटीवरून मात्र त्या रात्री थोडी वादावादी झाली. सासूबाई म्हणाल्या, "आमी साऱ्या पोट्ट्यांले लावला, काय झालं?" त्यांचं वय माझ्यापेक्षा जास्त, म्हणून मी आवाज चढवला नाही. पण टाकणखार म्हणजे बोरॅक्स. रोज थोडा थोडा पोटात गेला की साठत जातो. लेकरांना त्यानं झटके आल्याचं डॉक्टरांनी लिहून ठेवलं आहे. मध एक वर्षाच्या आत कधीच द्यायचा नाही, त्यातल्या जंतूनं बाळ लुळं पडू शकतं. ही पोरगी वर्षाच्या पुढची, तिला मध चालेल, खार नाही. वाटी त्यांनी स्वतः धुतली, मीही पुढं काही बोलले नाही.

दुकानातलं सगळंच चांगलं असंही नाही. हिरडी बधिर करणारी मलमं मिळतात. त्यांतल्या बेंझोकेनवाल्या मलमांबद्दल अमेरिकेच्या औषध खात्यानं २०१८मध्ये बजावलं, की दोन वर्षांखालच्या लेकरांना लावू नका, रक्तातला प्राणवायू कमी होतो. इंग्लंडात तर एकेकाळी दात येणाऱ्या लेकरांना पाऱ्याची पूड देत. हातपाय गुलाबी पडायचे, लेकरं झिजायची, कारण कोणाला कळेना. १९५४च्या सुमारास ती पूड बाजारातून गेली आणि तो आजारही जवळपास दिसेनासा झाला. शिकलेल्या देशातल्या शिकलेल्या आया ती पूड विकत आणून देत होत्या, हे मला आमच्या बायकांना सांगायला आवडतं.

कॅल्शियमच्या बाटलीचंही तेच. दात आला नाही की पहिली बाटली येते. खरं तर दुधाच्या दातांचे अंकुर आईच्या पोटात दीड महिन्यालाच धरतात, आणि चौथ्या महिन्यात ते टणक होऊ लागतात. बाळ जन्मतं तेव्हा वीसही दात हिरडीखाली घडत असतात. त्यांना वर ओढून आणणारं औषध नाही. कमतरता खरंच असेल तर डॉक्टर देतील. ड जीवनसत्त्वाचे थेंब मात्र पहिल्या वर्षात रोज ४०० युनिट द्यावेत असं आपल्या बालरोगतज्ज्ञांचं सांगणं आहे, आणि ते पाळावं. वऱ्हाडातलं ऊन डोकं फोडणारं, पण बाळंतिणीच्या खोलीत गुंडाळलेल्या लेकराला त्यातलं किती मिळतं?

आश्रमाचं आयुर्वेद महाविद्यालय आमच्या गावातच आहे. तिथल्या एका शिकाऊ पोरानं मला एकदा सांगितलं, की काश्यपसंहितेत दात येण्यावर वेगळा अध्याय आहे, आणि त्यात चौथ्या महिन्यात आलेले दात दुबळे, आठव्या महिन्यातले उत्तम म्हटले आहेत. ते आजच्या मोजमापाला उतरतं की नाही हा भाग वेगळा. पण लवकर म्हणजे चांगलं, असं त्या जुन्या वैद्यांनाही वाटत नव्हतं, हे मी पुढं कित्येक सुनांच्या कामी आणलं.

आता ज्या गोष्टीला मी खरी भिते ती. दातापायी लोक लेकराकडं पाहतच नाहीत. दात नाही, पण वजन चढतंय, बसतं, उभं राहतं, हसतं, बोबडं बोलतं, तर दात येतील. दातही नाही आणि लेकरू मंद आहे, बद्धकोष्ठ आहे, जीभ मोठी, कातडी खरखरीत, रडणं घोगरं, तर थायरॉईडची रक्ततपासणी करायची, आणि ती उद्यावर टाकायची नाही. त्या आजारात जाणारा प्रत्येक महिना मेंदूचा जातो. मनगटं रुंद, पाय धनुष्यासारखे, तर मुडदूस. टाळू दीड वर्षापर्यंत भरते, दोन वर्षांनंतरही उघडी असेल तर दाखवायचं. आणि तोंडात एकही दात नाही असं लेकरू वर्ष-सव्वा वर्षाचं झालं की एकदा डॉक्टरांच्या नजरेखालून घालायचं. दीड वर्ष झालं तर सबब चालत नाही.

एक लेकरू मी विसरत नाही. वीस महिन्यांचा पोरगा, दात एक नाही, डोक्यावर केस म्हणजे मक्याच्या कणसाची लव. आई म्हणायची, याला दर चैत-वैशाखात ताप येतो, दुपारी चढतो, ओल्या फडक्यानं उतरतो. मी त्याच्या पाठीवर हात फिरवला. मे महिना, पत्र्याची अंगणवाडी, बाकी साऱ्या लेकरांची पाठ घामानं निथळत होती. याची कोरडी ठणठणीत. याला घामच येत नव्हता. नागपूरला मोठ्या डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव सांगितलं: एक्टोडर्मल डिसप्लेसिया. केस, दात आणि घामाच्या ग्रंथी मुळातच कमी. फार वर्षांनी कळलं, की डार्विनच्या पुस्तकात सिंधमधल्या एका हिंदू घराण्याची अशीच हकीकत आहे. चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना मोजकेच दात, अंगावर केस अगदी थोडे, उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून हाल. मुलींना त्रास नाही, पण त्यांच्या पोटी मुलगे तसेच. आमच्या पोराला दाताचं औषध कोणी दिलं नाही. ओलं बनियन, सावली, माठाचं पाणी, आणि पुढं तीन-चार वर्षांचा झाल्यावर छोटीशी कवळी. ४५ डिग्रीच्या वऱ्हाडात त्या ओल्या बनियनानं त्याला जगवलं.

माझी स्वतःची चूकही सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका आईनं विचारलं, लेकराला जुलाब लागले आहेत, दाताचे असतील ना? मी म्हणाले, असतील. सगळेच तसं म्हणायचे, मीही म्हणाले. दुसऱ्या दिवशी लेकराचे डोळे खोल गेलेले, कातडीची चिमटी तशीच राहिलेली. सलाईन लागली, वाचलं. दात येताना लाळ गळते, चिडचिड होते, अंग किंचित कोमट लागतं, बस. जुलाब आणि जोराचा ताप दाताचा नसतो. त्याच वयात लेकरू रांगतं, सापडेल ते तोंडात घालतं, आणि आईकडून मिळालेली शक्ती सरत आलेली असते, म्हणून आजार त्याच दिवसांत गाठतात. जुलाबाला लिटरभर पाण्यात ओआरएसचं एक पाकीट, चौदा दिवस झिंक, आणि दूध बंद करायचं नाही.

खाण्याचंही असंच बिघडवतात. "दात नाही, चावणार कशानं?" म्हणून वर्षभराच्या लेकराला दूध आणि वरणाचं पाणी. अहो, हिरड्यांनी लेकरू छान चावतं, करंगळी घालून पाहा. सहा महिने झाले की उष्टावण, आणि नवव्या महिन्यापर्यंत घासात गाठी पाहिजेत: मऊ खिचडी, ज्वारीच्या कण्या, वरणात कुस्करलेली पोळी, तुरीच्या घट्ट वरणाचा भात, हातानं मळलेलं केळ, सुकडीची लापशी. नुसत्या दुधावर ठेवलेलं लेकरू गुबगुबीत दिसतं, पण रक्त कमी पडतं, आणि वर्षानंतर गाठ लागली की ओकारी काढतं. ती सवय मोडायला दात येण्यापेक्षा जास्त वेळ जातो. फक्त शेंगदाणे, फुटाणे, बोरं अख्खी नकोत. दाढा येऊन नीट चावता येईपर्यंत ती घशात अडकतात.

दाखवायचं कुठं? अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, २०१३पासून. दात, वाढ, जन्मजात व्यंग सगळं पाहतं, पुढच्या दवाखान्याची चिठ्ठी देतं, आणि त्याला पैसे लागत नाहीत. त्या दिवशी लेकराला शेतात नेऊ नका. मोठ्या तपासणीला अमरावतीत इर्विन रुग्णालय आहे, दंत महाविद्यालय आहे. जाताना मोजणी लिहून न्या: कोणता दात कितव्या महिन्यात, कधी पडलं होतं का, घराण्यात कोणाला. डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेच्या एकेचाळीस अध्यायांत गावाच्या आरोग्याला वेगळा अध्याय आहे, पण मोझरीतसुद्धा आया दवाखान्यात रिकाम्या हातानं जातात आणि "आला नाही, आला नाही" एवढंच सांगतात.

संक्रांत आली. भाचीनं पोरीचं बोरन्हाण केलं, आणि माझं ऐकून बोरं, हरभऱ्याचे घाटे काढून टाकले, नुसते मुरमुरे आणि बत्तासे ठेवले. दात आला नव्हता. आठ महिने झाले होते. त्याच आठवड्यात ती अमरावतीला गेली. दंतवैद्यबाईंनी बोटानं चाचपलं, बाकीचे दात मोजले, बापाची हकीकत ऐकली, आणि म्हणाल्या, बहुतेक हा दात तयारच झाला नाही, आता काही करायचं नाही. सुळे आणि दाढा वेळेवर येऊ द्या, घासायला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावा. दुधाचा दात नसला की त्याच्या जागचा पक्का दातही पुष्कळदा नसतो, म्हणून सहा-सात वर्षांची झाली की एक्स-रे काढू. तेव्हा बसेल शांत.

पोरगी आता साडेतीन वर्षांची आहे. दात एकोणीस. लसीच्या कार्डाच्या मागं भाचीनं बॉलपेननं लिहून ठेवलंय: वरचा, डावीकडचा, मधल्याच्या बाजूचा – नाही. सहाव्या वर्षी दाखवणे.